भुताला लपायला वेळ द्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढणाऱ्या विदर्भाला हॅलोविनचं अप्रूप कशाला? आपल्या यात्रांमध्ये आकाशपाळणा, ब्रेक डान्स आणि मौत का कुआँ यांच्या शेजारी पत्र्याचा भूत बंगला कितीतरी वर्षं उभा राहतो आहे. बाहेर दात विचकणारा राक्षस, आत काळं कापड, घरघरणारा स्पीकर, आणि वळणावर पांढरी पावडर फासून बसलेला एक पोरगा. खोपोलीच्या इमॅजिकात २०१३पासून हाच खेळ मोठ्या भांडवलावर चालतो, एवढाच फरक. आता ३१ ऑक्टोबरचे रील पाहून दिग्रसच्या एखाद्या मंडळालाही 'हॅलोविन नाईट' करावीशी वाटेल. खुशाल करा. फक्त मंडप ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर काढून ठेवा: तासाला किती माणसं आत सोडणार?

'येतील तेवढी' हे आपलं ठरलेलं उत्तर. तोबा गर्दी झाली म्हणजे कार्यक्रम गाजला, अशी आपली समजूत आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्याही तसंच छापतात. भुताच्या धंद्यात मात्र हे गणित उलटं चालतं.

तो पावडर लावलेला पोरगा पडद्याआडून ओरडत बाहेर येतो, पहिले चार जण किंचाळतात, मग त्याला परत आत जाऊन लपावं लागतं. तेवढ्यात मागची रांग आलेली असेल तर तिला दिसतो कापड सावरत उभा असलेला घामाघूम मुलगा. भीती संपली, तिकिटाचे पैसे वाया. म्हणून सहा जणांचा गट आत सोडला की पुढचा गट पाऊण मिनिटाने सोडायचा, असं धरू. तासाला ८० गट, म्हणजे ४८० माणसं. आतला फेरा सहा मिनिटांचा असेल तर एका वेळी आत ४८ जण. चाळीस बाय वीस फुटांच्या जागेत, मधल्या आडपडद्यांसकट, एवढी माणसं सावकाश फिरतात. दार तीन फुटांचं असेल तर उजेडात, शांतपणे, ती मिनिटभरात बाहेरही पडतात. क्रीडांगणांसाठीच्या ब्रिटिश नियमावलीत सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं असा हिशेब आहे. अंधारात आणि घाबरलेल्या अवस्थेत तो लागू पडत नाही, म्हणून दारं दोन हवीत.

रांग वाढली की मालकाचा जीव कासावीस होतो. गट सहाचा पंधराचा होतो, आत सव्वाशे माणसं कोंबली जातात. गल्ला दुप्पट-अडीचपट, भीती शून्य, धोका मात्र खराखुरा.

कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ साली तीन रात्रींपुरती भुतं आणली. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलने १९९१मध्ये. पुढे दोन्हीकडे या रात्री वाढत जाऊन आठवड्यांवर गेल्या. एकाच रात्री सगळ्यांना आत घेण्याऐवजी रात्री वाढवायच्या आणि त्यांचं वेगळं तिकीट लावायचं, ही त्यांची युक्ती आपल्याला बिनखर्चात उचलता येईल. शाळांना दुपारी अर्ध्या तिकिटात बोलवा. संध्याकाळी सातचा लोंढा आपोआप ओसरेल.

भूत बंगल्याची खरी अडचण अशी की माणसाला जे जीवघेणं ठरतं तेच तिथे मुद्दाम बांधलेलं असतं: अंधार, अरुंद बोळ, एकाच दिशेची वाट. वर किंकाळ्या अपेक्षितच, त्यामुळे मदतीची हाक वेगळी ओळखू येत नाही. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमधल्या 'हाँटेड कॅसल'ला आग लागून आठ तरुण मुलं गेली. ट्रेलर जोडून केलेली ती रचना 'तात्पुरती' गणली गेली होती, म्हणून पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. आत मात्र फोम ठासलेला. 'तात्पुरतं' हा शब्द आपल्या यात्रांमध्ये कोणकोणत्या परवानगीवर पांघरूण घालतो, ते ज्याने त्याने आठवावं. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी आग लागून २५हून अधिक जण मेले. त्या दिवशी प्रवेश ९९ रुपयांत होता. अग्निशमनाचा दाखला नसलेल्या जागेत सवलत म्हणजे गर्दीला दिलेलं आमंत्रणच. आणि सोलमधल्या इतेवॉनच्या जेमतेम तीन-साडेतीन मीटर रुंद गल्लीत २९ ऑक्टोबर २०२२ रोजी, हॅलोविनच्या गर्दीत, चेंगराचेंगरीने १५९ बळी घेतले. तिथे तर भूत बंगलाही नव्हता, तिकीटही नव्हतं. पोलिसांना पहिला इशाऱ्याचा फोन संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता, दुर्घटनेच्या जवळपास चार तास आधी. कार्यक्रमाला आयोजकच नाही, तर गर्दी मोजायची कोणी?

आपल्याकडे आयोजक असतो, परवानगी असते, पावतीही फाडली जाते. मैदान सर्वाधिक बोली लावणाऱ्याला दिलं की पुढचं सगळं त्या आकड्यातच ठरून जातं, कारण वसुलीसाठी त्याला माणसं कोंबावीच लागतात. म्हणून बोली मागवण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: तासाला ४८०च्या वर नाही, बाहेर पडायची दोन दारं, आणि एक असं बटण की दाबलं की आवाज बंद होऊन सगळे दिवे लागतील. त्या बटणापाशी एक माणूस कायम बसवायचा. भूत नव्हे, साधा शर्ट घातलेला माणूस.

बोली कमी येईल, हे उघड आहे. ४० रुपये तिकीट आणि चार तास धरले तरी रात्रीची कमाल कमाई ७६,८०० रुपये, आणि सगळे तास भरत नसतात. त्यातून भुतांच्या दोन पाळ्या, जनरेटर, न पेटणारं कापड आणि दारावरची माणसं भागवायची. तूट भरून निघेल ती ताटकळणाऱ्या रांगेतून: पाणीपुरी, उसाचा रस, चमकणारी शिंगं. त्या गाळ्यांचं भाडं मैदानवाल्याने खुशाल घ्यावं. मात्र ते रांगेच्या बाजूला लावावेत, बाहेर पडायच्या वाटेवर एकही नको. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे माणसं दगावली, तेव्हा नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांच्या त्या अरुंद वाटेवर दुकानं दुतर्फा होती.