शेजारधर्म उरला आहे

‘शहरांत शेजारधर्म उरला नाही’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. परभणीपुरते तरी ते मला मान्य नाही. आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या खालांना (मावशींना) मूलबाळ नव्हते. आई शाळेत शिकवायला गेली की आम्ही भावंडे त्यांच्याकडेच. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरला की त्या आमची बोटे घट्ट धरून गर्दीतून न्यायच्या. मिठाईचा पुडा आधी आमच्यापुढे उघडायचा. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा आईने त्यांना चमच्याने ज्वारीची आंबील भरवली. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा अपत्यहीन वृद्धांचा भार मालमत्तेच्या वारसांवर टाकतो. खालांकडे मालमत्ताच नव्हती; होता तो शेजार. पत्रलेखकांना विनंती, आपल्या गल्लीत एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे एकदा जाऊन यावे.

– एक वाचक, परभणी