इंग्रजीची तयारी गाईडमध्ये नाही, वहीत आहे

जानेवारी उजाडला की मराठी माध्यमाच्या दहावीच्या वर्गात इंग्रजीचा तास बदलून जातो. पाठ्यपुस्तक मागं पडतं आणि अपेक्षित प्रश्नसंच पुढं येतो. पत्रांचे चार नमुने, दोन भाषणं, एक संवाद आणि कवितेच्या रसग्रहणाचा एक साचा एवढं घोटून घ्या, म्हणजे पेपर निघतो, असं मुलांना सांगितलं जातं. क्लासवाले सांगतात, पालक सांगतात, आणि पुष्कळदा शाळेतले शिक्षकही सांगतात. सत्रभर लिहून घेतलेले स्वाध्याय, परिच्छेद, सारांश, प्रकल्प यांच्याकडं या दिवसांत कुणी वळून बघत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण एकदा भरून झाले की त्या वह्यांचं काम संपलं, असं मानलं जातं. नववीत सहामाहीच्या आधी हेच घडतं, फक्त धाकधूक थोडी कमी असते.

ही समजूत मला मुळातून चुकीची वाटते. सत्रभराचं लेखन वेगळं आणि परीक्षेची तयारी वेगळी ही विभागणीच खोटी आहे. पाठांतराच्या बाजूनं जी कारणं दिली जातात, ती इंग्रजी येण्याच्या कसोटीवर तर टिकत नाहीतच, पण निव्वळ गुणांच्या हिशेबातही टिकत नाहीत.

आधी गुणांचाच हिशेब मांडू, कारण पाठांतराचे पुरस्कर्ते त्याचाच हवाला देतात. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीची कृतिपत्रिका ८० गुणांची असते. भाषाभ्यासाला १०, पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २०, कवितेला १०, पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला सारांशासह १५, लेखनकौशल्याला २० आणि भाषांतराला ५. यातला बाहेरचा उतारा मुलानं आधी पाहिलेलाच नसतो. पत्राचा, भाषणाचा, माहिती रूपांतराचा विषय त्याच दिवशी कळतो. भाषांतराची वाक्यं कुणी आधी सांगू शकत नाही. म्हणजे ८० पैकी ५० गुण पाठ्यपुस्तकातल्या मजकुराशी थेट बांधलेलेच नाहीत. उरलेल्या ३० गुणांसाठी उतारे आणि कविता कृतिपत्रिकेतच छापून येतात. मुलाच्या डोळ्यांसमोर मजकूर आहे, त्यातून उत्तर शोधून आपल्या वाक्यात लिहायचं आहे. अशा परीक्षेसाठी धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करणं म्हणजे जे विचारलं जाणारच नाही त्याची तयारी करणं.

उताऱ्याखाली शेवटची कृती बहुधा मुलाच्या स्वतःच्या मताची असते. या प्रसंगी तू काय केलं असतंस, तुला काय वाटतं, अशा स्वरूपाची. त्या कृतीची उत्तरंही गाईडमध्ये छापलेली मिळतात आणि वर्ग ती पाठ करतात. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचं मत विचारलं जातं आणि तो दुसऱ्याचं मत घोकून येतो, हे मला या साऱ्या प्रकारातलं सगळ्यात वाईट वाटतं. तिथं तीन मोडकी पण स्वतःची वाक्यं लिहिणारा मुलगा मला जास्त शिकलेला दिसतो.

रसग्रहणाचं तसंच. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना हे मुद्दे दिलेले असतात आणि कविता समोर असते. ओळींच्या शेवटचे शब्द मोठ्यानं वाचले की यमकरचना मुलाला स्वतःला सापडते. पण त्याला प्रत्येक कवितेची यमकरचना अक्षरांच्या यादीसारखी पाठ करायला लावतात. मग परीक्षेत एका कवितेची रचना दुसऱ्या कवितेखाली उतरते, आणि समोर छापलेली ओळ वाचून ती पडताळून बघावी हेही त्याला सुचत नाही.

आता प्रतिपक्षाच्या सगळ्यात सबळ मुद्द्याकडं येतो. ज्या घरात इंग्रजीचा शब्द कानावर पडत नाही, ज्या मुलीचे आईवडील वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला जातात, तिला ‘मनानं लिही’ म्हणणं ही शहरात बसून केलेली चैन आहे. तिला आधी पास होण्याची खात्री हवी, आणि ती खात्री पाठांतर देतं. असं म्हणणारे शिक्षक मनापासून म्हणतात. त्यांची कळकळ मी खरी मानतो.

पण त्यांचा उपाय नेमका त्याच मुलीला घातक ठरतो. घरात इंग्रजी असलेला मुलगा पाठ केलेल्या पत्रात नाव, तारीख, कारण बदलून वेळ मारून नेतो, कारण वाक्य कुठं मोडायचं आणि कुठं जोडायचं हे त्याला कळतं. या मुलीला तो सांधाच दिसत नाही. तिनं फाटक्या पुस्तकांबद्दल विक्रेत्याला लिहायचं तक्रारपत्र पाठ केलं आणि पेपरात मैत्रिणीचं अभिनंदन करायला सांगितलं, की तिच्यापाशी काहीच उरत नाही. एक तर ती तक्रारपत्रच उतरवून येते, नाहीतर जागा कोरी सोडते. वाक्य घडवण्याचा सराव जिला सगळ्यात जास्त हवा, तिलाच तो सगळ्यात कमी मिळतो.

शिवाय ‘वातावरण नाही’ ही सबब एका वर्षापुरती समजण्यासारखी आहे, दहा वर्षांसाठी नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आज दहावीत बसलेली मुलगी शाळेत दहा वर्षं हा विषय शिकते आहे. एवढ्या काळात वर्गातच वातावरण तयार करता येतं. दर आठवड्याला स्वतःची पाच वाक्यं लिहिली असती, तर तिच्यापाशी आज शेकडो वाक्यांचा सराव असता.

पाठांतराला माझा सरसकट विरोध नाही, हे इथं स्पष्ट केलं पाहिजे. मनाचे श्लोक आणि पाढे पाठ करून आपली डोकी बिघडली नाहीत. इंग्रजी कविता पाठ कराव्यात, नाट्यछटा पाठ कराव्यात, आणि विशेषतः मोडून पुन्हा जोडता येतील अशी वाक्यं पाठ करावीत. ‘आय वुड लाइक टू नो’ हे एक वाक्यरूप तोंडात बसलं की त्यापुढं मूल शंभर गोष्टी जोडू शकतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या याच वाटेनं: आधी नियम, मग त्यावरची वाक्यं, मग तशीच दुसरी वाक्यं आपण करायची. पाठांतर भाषेचं असावं, उत्तरांचं नसावं. भाषांतराचे ५ गुण आज कितीतरी वर्गांत सोडून दिले जातात, कारण त्यांची ‘अपेक्षित’ यादी करता येत नाही. वास्तविक मराठी माध्यमाच्या मुलाला त्याची मायबोली उघडपणे कामाला येते ती तिथंच.

दुसरं कारण दिलं जातं ते काळाचं. शेवटच्या महिन्यात वाचलेलं ताजं राहतं, जूनमध्ये लिहिलेला परिच्छेद मार्चमध्ये कुणाच्या लक्षात असतो? यावर २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी केलेला प्रयोग सांगण्याजोगा आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढं गेले. आदल्या रात्री गाईड चाळून जो विश्वास वाटतो, तो त्या पाच मिनिटांचा विश्वास आहे. यावर कुणी म्हणेल, घोकलेलं उत्तर न बघता लिहिणं हेही आठवूनच लिहिणं झालं. झालं, पण त्यातून पक्कं होतं ते तेवढं एक उत्तर. पत्राचा विषय बदलला की ते निरुपयोगी.

तिसरा आक्षेप थेट सत्रभराच्या कामावरच आहे. स्वाध्याय म्हणजे गुणांची खैरात, म्हणतात, आणि पुरावा म्हणून २०१९ चा निकाल दाखवतात. त्या वर्षी भाषांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले होते आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. पण ही आकडेवारी एवढं सरळ सांगत नाही. २०१९ ची तुकडी नव्या अभ्यासक्रमाची आणि नव्या कृतिपत्रिकेची पहिली तुकडी होती. २०२० मध्ये करोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही. तरीही आक्षेपात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. अनेक शाळांत हे २० गुण न तपासता दिले जातात. फळ्यावरचा निबंध साऱ्या वर्गानं उतरवायचा आणि साऱ्या वर्गाला अठरा गुण, हे चालतं आणि ते अप्रामाणिक आहे. पण काम खोटं होतं म्हणून कामच बंद करायचं, हा न्याय मला पटत नाही. ते खरं करायचं.

ते खरं केल्यावर काय हाती लागतं, हे एखाद्या नीट तपासलेल्या वहीत दिसतं. एक मुलगा प्रत्येक वाक्यात ‘शी गो’, ‘ही प्ले’ लिहितो. त्याला कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला की वर्तमानकाळात क्रियापदाला काय होतं, एवढं एकच सांगायचं आहे. दुसरीची क्रियापदं ठीक आहेत, पण ‘ए’ आणि ‘द’ कुठंच नाहीत, कारण मराठीत तसलं काही नसतं. तिसरा ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ लिहितो. मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ बिनदिक्कत चालतं, म्हणून त्याला ते बरोबर वाटतं. या तिघांना एकच प्रश्नसंच देऊन तिघांची तयारी होणार नाही. कोणत्याही गाईडला या मुलाची चूक ठाऊक नसते. त्याच्या वहीला ती ठाऊक असते, आणि म्हणून परीक्षेआधी उघडण्याजोगी पहिली वस्तू ती वही आहे.

आता मोबाईलवर विचारलं की निबंध तयार मिळतो, मग घरी लिहायला देऊन काय उपयोग, असं नव्यानं विचारलं जातं. घरी देऊ नये. पहिला खर्डा तासाला, वर्गात, पेननं लिहून घ्यावा. घरी न्यायची ती फक्त दुरुस्ती.

राहिला शिक्षकाचा वेळ, आणि ही अडचण मात्र खरीखुरी आहे. ६० मुलांचा वर्ग, एका वहीला ५ मिनिटं धरली तरी एका तुकडीचे ५ तास. चार तुकड्या असतील तर २०. त्यात निवडणुकीची कामं आणि माहिती भरण्याची कामं. वहीतली प्रत्येक चूक लाल पेननं खोडायची असं ठरवलं तर कुणालाच ते झेपणार नाही. झेपायची गरजही नाही. एका आठवड्यात पाच-सात ओळी लिहून घ्याव्यात आणि त्यात एकाच प्रकारची चूक पाहावी: या वेळी भूतकाळ, पुढच्या वेळी प्रश्नार्थक वाक्याची रचना. चुकीच्या वाक्याखाली रेघ ओढावी, दुरुस्ती मुलानं करावी. आणि गुण देऊ नयेत. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली दाखवून दिलं की ज्या मुलांना कामावर फक्त शेरा मिळाला ती सुधारली. फक्त गुण मिळालेली तशी सुधारली नाहीत, आणि शेऱ्याबरोबर गुण मिळाले तेव्हाही शेऱ्याचा परिणाम पुसला गेला. दहापैकी सहा हा आकडा दिसला की मूल वही मिटतं. ‘तिसरं वाक्य पुन्हा कर’ हे वाचलं की ते तिसऱ्या वाक्याकडं जातं.

असं एक सत्र चाललं तर शेवटच्या महिन्याची तयारी वेगळी दिसते. मुलानं वहीतल्या रेघ ओढलेल्या वाक्यांची स्वतःची यादी करायची आणि ती वाक्यं न बघता पुन्हा लिहायची. जुन्या कृतिपत्रिकेतला बाहेरचा उतारा रोज एक, घड्याळ लावून. जूनमध्ये लिहिलेलं पत्र आता नव्या विषयावर, नव्या माणसाला. कृतिपत्रिकेचं स्वरूप आणि वेळेची वाटणी समजून घ्यायला एक-दोन सराव परीक्षा हव्यातच, आणि अपेक्षित प्रश्नसंचाचा उपयोग तेवढ्यासाठी अवश्य करावा.

आणि ते २० गुण प्रामाणिक करायचे तर तोंडी परीक्षेत मुलाला त्याच्याच स्वाध्यायावर प्रश्न विचारावेत. हे वाक्य तू असं का लिहिलंस, या गोष्टीतला मुलगा तुला आवडला का, हेच आता भूतकाळात सांग. दोन मिनिटांत उतरवलेलं कोणतं आणि लिहिलेलं कोणतं हे कळतं. मंडळाच्या नव्या परिपत्रकाची त्यासाठी वाट पाहायला नको. तोंडी परीक्षा शाळेतच होते आणि प्रश्न शाळेचे शिक्षकच काढतात.