भिंगामागचा डोळा

उंची कॅमेरा हाती आला की उत्तम छायाचित्र आपोआप निघते, अशी पुष्कळांची समजूत असते. आता तर मोबाइलमधील कॅमेरा प्रकाश किती घ्यावा आणि वस्तू किती दूर आहे, हे स्वतःच ठरवितो. मग छायाचित्रकाराने शिकावयाचे तरी काय उरले, असा प्रश्न एखादा चतुर विद्यार्थी विचारील. माझ्या मते, जे उरले आहे तेच मोलाचे आहे. कोठे उभे राहावे, चित्रातून काय वगळावे आणि किती वेळ थांबावे, हे ठरविण्याचे काम अजूनही आपलेच आहे.

यांपैकी वेळेचीच गोष्ट घ्या. सुमारे १८३८ साली लुई दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. त्या काळी प्रकाशाचा ठसा उमटावयास काही मिनिटे लागत. रस्त्यावरून गाड्या धावत होत्या, माणसे जात-येत होती. चित्रात मात्र रस्ता जवळजवळ ओसाड दिसतो. चालत्या माणसांचा ठसा उमटलाच नाही. कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेणारा एक इसम तेवढा स्थिर उभा होता, म्हणून तो चित्रात राहिला!

आज कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताही उघडता येतो. एवढ्या अवधीत धावत्या सायकलीच्या चाकाचे आरे मोजता येतील इतके स्पष्ट उमटतात. तोच पडदा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा ठेवला, तर आरे पुसट होऊन चाक गरगरताना दिसते. यांतील बरोबर चित्र कोणते? तुम्हांस सायकल दाखवावयाची आहे की तिचा वेग, यावर ते अवलंबून आहे. पडदा किती वेळ उघडला असता काय होते, हे जाणणे म्हणजे कौशल्य. त्याचा उपयोग कशासाठी करावा, हे सुचणे म्हणजे कल्पकता. हल्ली कल्पकतेचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. सरावाचे नाव मात्र ते सहसा काढीत नाहीत.

दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले होते. १९१२ साली त्यांनी विलायतेहून चित्रपटाचा कॅमेरा आणला. 'राजा हरिश्चंद्र' अद्याप व्हावयाचा होता आणि त्यासाठी भांडवल हवे होते. परंतु या अपरिचित धंद्यात पैसा घालणार कोण? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ते त्या रोपाची चित्रे थोडी थोडी घेत राहिले. ती सलग दाखविली, तेव्हा अंकुर फुटून वेल वर चढावयास जेमतेम मिनिटभर लागले. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रपटाचे नाव. तो पाहून काहींनी त्यांस कर्ज देऊ केले. विषय काय, तर कुंडीतला वाटाणा!

तुम्हांसही विषयासाठी दूर जावयास नको. अंगणातील तुळशीवृंदावन घ्या किंवा गावातील पिंपळाचा पार घ्या. सकाळचे तिरके ऊन दगडाचा खडबडीतपणा उठावाने दाखविते. माध्यान्ही सावल्या आखडतात आणि तोच दगड सपाट भासतो. जुन्या रॉलिफ्लेक्स कॅमेऱ्यात एका फितीवर बाराच चित्रे बसत. तुम्हीही दिवसाकाठी बाराच घ्यावयाची, असे ठरवून पाहा. सायंकाळी ती शेजारी शेजारी ठेवून एकच निवडा. ते कोणते, यावरून घरात वाद झाला, तर खुशाल होऊ द्या.