प्रशिक्षण द्या, पाठराखणही करा

दारू सोडण्याच्या दोनच वाटा आपल्याकडे सांगितल्या जातात : गळ्यात माळ घाला, नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हा. पहिलीची मदार श्रद्धेवर, दुसरीला खाटा अपुऱ्या. ‘एम्स’च्या २०१९च्या राष्ट्रीय अहवालानुसार, दारूच्या पुरते आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळत होते. उरलेल्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?

याचे उत्तर शेजारच्या गोव्यात कधीच मिळाले आहे. ‘संगाथ’ संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’ने २०१७मध्ये छापला. मानसोपचाराचा गंधही नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. रुग्णाच्या वाट्याला जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिले, तर आदल्या चौदा दिवसांत दारूला न शिवलेले समुपदेशन गटात ४२ टक्के होते, नेहमीच्या उपचारांवर सोडलेल्या गटात १८ टक्के. जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याचे प्रमाण मात्र समुपदेशनाने घटले नाही. म्हणजे हा रामबाण नव्हे. पण शून्यापेक्षा कैक पटींनी बरा.

या बैठकांत उपदेशाचे डोस नसतात. ‘कधीमधी घेतो, दारुडा थोडाच आहे?’ म्हणणाऱ्याशी हुज्जत घालायची नसते. कुठल्या दिवशी, कोणाबरोबर, कशापायी पितो हे त्याच्याच तोंडून काढायचे. पगाराच्या दिवशी घरी कुठल्या रस्त्याने जायचे, मित्राने ‘एकच घे’ म्हटले तर काय सांगायचे, याची उजळणी करून घ्यायची. हे शिकवता येते. मात्र आठवडाभराचे शिबिर आणि हाती प्रमाणपत्र एवढ्याने ते अंगवळणी पडत नाही. गोव्यात बैठकांचे ध्वनिमुद्रण गटाने ऐकले जाई, समुपदेशक एकमेकांचे काम तपासून गुण देत. सरकारी योजनांत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच समुपदेशक म्हणून उभे केले. तेव्हा महाराष्ट्राला माणसांची वानवा नाही. वानवा आहे ती पगारी पदांची. आधीच कामाने पिचलेल्या ‘आशा’ सेविकांच्या डोक्यावर हेही ओझे टाकून मोकळे होणे म्हणजे योजनेचा बोजवारा उडवणे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक समुपदेशक, तालुक्याला एक पर्यवेक्षक आणि गंभीर रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयाची हमी, एवढी साखळी हवीच. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. तेथे डॉक्टरच लागतो, आणि त्याच्याकडे केव्हा धाडायचे हे ओळखणे हाही प्रशिक्षणाचाच भाग.

मद्यावरील उत्पादन शुल्कातून राज्याची तिजोरी दरवर्षी हजारो कोटींनी भरते. त्यातला ठरावीक हिस्सा या पदांसाठी अर्थसंकल्पात राखून ठेवावा. दारूचे उत्पन्न हक्काने घेणाऱ्या सरकारला तिच्या व्यसनावरील उपचारांची जबाबदारी स्वयंसेवी संस्थांवर ढकलता येणार नाही.