परदेशी चाललेल्या मुलाची शिदोरी

जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते, आणि त्याआधीचे दोन-चार आठवडे आमच्याकडील कितीएक घरांत मोठ्या धांदलीचे जातात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्या देशात ४९,४८३ भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशांतून तेथे आलेल्या विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा समूह हाच. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इकडील मुलेमुली त्यांत थोडी नाहीत. एके काळी परदेशगमन ही संस्थानिकांच्या व बड्या वकिलांच्या मुलांची मिरास होती. आता दुकानदाराचा, शिक्षकाचा, कारकुनाचा मुलगाही, घर तारण ठेवून का होईना, पण जातो. ह्यात आम्हांस आनंदच आहे. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो की काय, ह्या वादात ज्या समाजाने पिढ्या खर्ची घातल्या, त्याच समाजातील आजी आज नातवाच्या पेटीत मेतकुटाचा डबा कोंबताना दिसावी, ही सुधारणा लहान नव्हे.

परंतु ह्या सर्व तयारीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले असता एक मोठी उणीव दिसते. प्रवेशाचे अर्ज, कर्जाची कागदपत्रे, प्रमाणपत्रांची तपासणी ह्यांत वर्ष-दीड वर्ष निघून जाते. मार्गदर्शन करणाऱ्या दलालास त्याचे शुल्क पोचते. निरोपाच्या जेवणावळी होतात, पेट्या तराजूवर चार-चार वेळा चढतात. आणि विमानातून उतरल्यावर पहिल्या तीस दिवसांत मुलास कोणकोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने कराव्या लागतील, ह्याचा विचार मात्र घटकाभरही होत नाही. ‘गेला की शिकेल आपोआप,’ एवढ्यावर तो विषय संपतो. आमचे म्हणणे असे की, हा पहिला महिना नशिबावर सोडण्याची बाब नाही. त्यात मुलांचे जे हाल होतात, त्यांपैकी निम्मेशिम्मे तरी आमच्याच घरांतील चालीरीतींनी तयार केलेले असतात.

प्रथम राहण्याच्या खोलीचा प्रश्न घेऊ, कारण बाकीचे सारे तिलाच टांगलेले आहे. जर्मनीत घर घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगराच्या कचेरीत आपला पत्ता नोंदवावा लागतो. ह्यास तिकडे आनमेल्डुंग म्हणतात. ही नोंद करावयाची तर घरमालकाने ‘हा इसम माझ्या घरी राहावयास आला आहे’ असे लिहून सही केलेला कागद हवा. १ नोव्हेंबर २०१५ पासून तसा कायदाच आहे. नोंद झाली म्हणजे काही आठवड्यांनी कराचा क्रमांक टपालाने येतो, आणि कोठे नोकरी धरावयाची तर तो क्रमांक मागितला जातो. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी वास्तव्याचा परवाना काढावयाचा असतो, त्यासही नोंदलेला पत्ता लागतो. म्हणजे खोली नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर पुढचे सारे अडले, अशी ही साखळी आहे. ज्याने मित्राच्या खोलीत जमिनीवर पथारी पसरून पहिले पंधरा दिवस काढावयाचे ठरविले असेल, त्यास ह्या साखळीचा अर्थ तेथे गेल्यावरच कळतो. कारण मित्राचा घरमालक त्याच्या नावाचा कागद देतोच असे नाही.

एक बारीकशी गोष्ट सांगतो. ती वाचून कोणी हसेलही. जर्मनीत घरांच्या पत्त्यांत आमच्याप्रमाणे खोलीचा क्रमांक सहसा नसतो. खालच्या दाराशी घंटांची व टपालाच्या पेट्यांची ओळ असते आणि तीवर आडनावे लिहिलेली असतात. पेटीवर आपले आडनाव नसेल, तर टपालवाला पत्र घेऊन परत जातो. बँकेचे, विमा संस्थेचे, कराच्या खात्याचे, सर्व महत्त्वाचे कागद अजूनही पुष्कळसे टपालानेच येतात. तेव्हा नव्या बिऱ्हाडी पाऊल ठेवताच मालकास सांगून पेटीवर आपले नाव लावणे, हे पहिल्या दिवसाचे काम होय. दलालांच्या छापील पुस्तिकांत विद्यापीठांच्या इमारतींची रंगीत चित्रे असतात, ह्या चिकटपट्टीचा उल्लेख नसतो.

खोलीच्या ह्याच निकडीवर ठक टपलेले असतात. सुंदर खोलीची छायाचित्रे, माफक भाडे, आणि ‘मालक सध्या परगावी आहे, अनामत पाठविली की किल्ली टपालाने येईल’ असा निरोप. ह्या जाळ्यात सुशिक्षित मुले सापडतात आणि पैसे पाठविणारे बहुधा त्यांचे वडील असतात. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो, मूठभर नमुना हातावर घेतल्यावाचून आपण गुळाची एक ढेप तरी उचलता काय? मग जी खोली कोणी डोळ्यांनी पाहिली नाही, तिच्यासाठी लाख रुपये परक्या खात्यात घालताना ही अक्कल कोठे जाते? तेथील कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकऱ्यास हक्क आहे. हे ज्यास ठाऊक आहे, तो निदान घाईने फसत नाही. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी प्रवेश मिळताच, किंबहुना त्याआधीच, अर्ज करावा; तेथेही वाट पाहणाऱ्यांची रांग लांब असते.

आता पैशाचे. व्हिसासाठी विद्यार्थ्यास वर्षभराच्या खर्चाची रक्कम एका बांधील खात्यात आगाऊ भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो ठरविण्यात आली. पुष्कळ पालकांची समजूत अशी की, एवढी रक्कम मुलाच्या नावावर जमा आहे म्हणजे त्यास पहिल्या दिवशी कशाची ददात नाही. प्रत्यक्षात ती रक्कम महिन्यास ९९२ युरो ह्याप्रमाणेच हाती येते, आणि ती मिळण्यासही तेथे जाऊन आधी चालू खाते उघडावे लागते. उलट खर्च पाहावा तर पहिल्याच महिन्यात अनामत, भाडे, आरोग्यविम्याचा हप्ता, विद्यापीठाची सत्राची वर्गणी, गादी आणि गरम कोट हे सर्व एकदम अंगावर येते. तेव्हा बांधील खात्याबाहेर दोन-तीन महिन्यांची वेगळी तरतूद हवी. भांडवल गोदामात अडकले आणि गल्ला रिकामा राहिला, तर चांगली पेढीही बसते, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको.

आणि ज्यांनी ‘तेथे गेल्यावर काम करून हप्ते फेडील’ ह्या हिशेबावर कर्ज काढले आहे, त्यांस आमचे स्पष्ट सांगणे आहे की, तो हिशेब पुन्हा मांडावा. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यास वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. शिकवणी चालू असताना आठवड्यास वीस तासांपर्यंत, असाही सामान्य प्रकार आहे. त्यातून जेवणखाण निघते. मुंबईतील बँकेचा हप्ता निघेलच असे नाही. भाषा न येणाऱ्यास पहिले काम मिळावयासच कित्येकदा महिने लागतात. असे असता घरून आठव्या दिवशी ‘काम लागले का?’ असा प्रश्न जाऊ लागला, म्हणजे मुलगा वर्गात बसतो खरा, पण त्याचे लक्ष तेथे नसते.

येथवर जे लिहिले ते कागदपत्रांचे झाले, आणि कागदपत्रे कशीही निभतात. खरी अडचण आम्हांस निराळीच वाटते. बावीस-तेवीस वर्षांचा पदवीधर मुलगा, ज्याने आजवर स्वतःचे जेवलेले ताट उचललेले नाही, तो तिकडे चार अनोळखी माणसांच्या सामाईक बिऱ्हाडात जाऊन राहतो. तेथे स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावलेला असतो. ह्या आठवड्यात न्हाणीघर कोणी घासावयाचे, केर कोणी कोणत्या डब्यात टाकावयाचा, कागद निराळा, ओला कचरा निराळा, बाटल्या निराळ्या. रात्री दहानंतर आवाज नको. रविवारी दुकाने बंद, म्हणून शनिवारीच भाजीपाला आणून ठेवावयाचा. हिवाळ्यात सुद्धा दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून खोलीत वारा घ्यावयाचा, नाही तर भिंतींस बुरशी धरते आणि तिचा खर्च भाडेकऱ्याकडे मागितला जाऊ शकतो. ह्यात कठीण असे काय आहे? काहीच नाही. परंतु आमच्या मुलास ही कामे कठीण वाटण्याआधी कमीपणाची वाटतात. बिऱ्हाडातील इतरांस तो आळशी दिसतो, त्यांचे बोलणे त्यास टोचते, आणि मग ‘ते लोक आपल्याला परके समजतात’ असे पत्र घरी येते. परकेपणा तेथे मुळीच नसतो असे आम्ही म्हणत नाही. आहे, आणि काही ठिकाणी कडवट आहे. पण न घासलेल्या कढईचा राग आणि वर्णद्वेष ह्यांतील फरक ओळखण्याइतके तरी शिक्षण घरी व्हावयास हवे होते.

मुलींची गोष्ट ह्याच्या उलट आहे. त्यांस पोळ्या लाटता येतात, कारण आम्ही त्या अन्यायानेच शिकविल्या. पण बँकेत एकटीने जाऊन अधिकाऱ्याशी हुज्जत घालणे, करारनामा वाचून ‘ही अट मला मान्य नाही’ असे म्हणणे, ह्याची सवय कित्येकींस लागू दिलेली नसते. मुलास चूल आणि मुलीस कचेरी, असा उलटा अभ्यासक्रम जाण्याआधीचे सहा महिने चालविला, तर दोघांचेही भले होईल.

कोणी म्हणेल, पूर्वीची मंडळी कसलीही तयारी नसताना गेली आणि कीर्ती मिळवून आली. ह्या युक्तिवादाचे आम्हांस नवल वाटते. आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने गेल्या. तेथील थंडीने आणि न मानवणाऱ्या आहाराने त्यांची प्रकृती ढासळली होती. त्यांच्या पदवीचा अभिमान आम्ही शाळांतून सांगतो, त्या हालांची आठवण करीत नाही. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा पहिल्या वसतिगृहातील अन्न न रुचल्याने त्यांनी लवकरच बिऱ्हाड हलविले, पुढे पुन्हा बदलले, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना ह्या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने स्थिरावले. ती मैत्री जन्मभर टिकली. एवढ्या निग्रही पुरुषासही मनाजोगी खोली आणि एक स्नेही मिळेपर्यंत तीन जागा पाहाव्या लागल्या. मग आजच्या मुलाने ‘ही जागा मला मानवत नाही’ असे दहाव्या दिवशी कळविले, तर त्यावर ‘तुला कुठेच जमत नाही’ असा शेरा का मारावा?

हे कळविणेच तर बंद पडले आहे. पूर्वी पत्रास महिना लागे; आता मोबाईलवर रोज तोंड दिसते, आणि तरी खरी हकीकत कळत नाही. आई विचारते, जेवलास का? मुलगा म्हणतो, जेवलो. वडील विचारतात, अभ्यास? चालू आहे. पलीकडे आजोबांस दाखविण्यासाठी त्याने पडदा सारून बर्फ दाखवावयाचे, इकडे सर्वांनी वाहवा करावयाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, आपल्यात व त्यांच्यात साडेचार तासांचे अंतर पडते. नोव्हेंबरात पुढे दुपारी साडेचार-पाचला अंधार होऊ लागतो. त्या काळोखात कित्येक मुलांची झोप उडते, वर्गास जाणे सुटते. घर तारण आहे हे ठाऊक असल्यामुळे ती बोलत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी तेथे ज्या सेवासंस्था वसतिगृहे व भोजनालये चालवितात, त्याच बहुतेक ठिकाणी मानसिक अडचणींसाठी सल्लाही देतात. परंतु मनाचे दुखणे डॉक्टरास सांगणे म्हणजे वेडाची कबुली, ही आमच्या घरांतील समजूत मुलगा पेटीत घालूनच नेतो. पेटीचे वजन करताना ती कोणी काढून ठेवीत नाही.

ह्या वर्षी ज्यांची मुले निघणार आहेत, त्यांस आमची सूचना अशी. निरोपाच्या जेवणावळीचा खर्च निम्म्यावर आणावा आणि ते पैसे पहिल्या महिन्याच्या खोलीसाठी बाजूस ठेवावेत. भाड्याचा करार वडिलांनी व मुलाने एकत्र बसून, शब्दकोश घेऊन, ओळीने वाचावा. आजपासून घरातील एका वेळचा स्वयंपाक व भांडी त्याच्याकडे द्यावीत. पहिले चार दिवस भात करपेल, तो सर्वांनी खावा. आणि तो गेल्यावर पहिल्या रविवारी मोबाईल लावाल, तेव्हा जेवणाची चौकशी झाल्यावर एवढे जरूर विचारावे की, टपालाच्या पेटीवर नाव लागले का, आणि शेजारच्या खोलीत कोण राहते.