विजेच्या सुईने हरवलेली आठवण परत येईल काय?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एका निवृत्त कामगाराची पत्नी घरी आली. मालकांना विस्मरणाचा आजार. घरचा रस्ता विसरतात, थोरल्या मुलाला ओळखत नाहीत. "भाऊ, सुयांना वीज लावून आठवण परत आणतात म्हणे. वीस वेळचे पैसे आगाऊ मागितलेत. गळ्यातलं मोडू का?" हा प्रश्न त्या एकट्या माउलीचा नाही. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे दिले पाहिजे.

या उपचाराला इलेक्ट्रोॲक्युपंक्चर म्हणतात. शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचायच्या आणि त्यांना तारा जोडून अगदी सौम्य वीज सोडायची. स्मृतीसाठी बहुधा टाळूवरचा बिंदू निवडतात. ही विद्या चीनची म्हणून तिची टिंगल करण्याचे कारण नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. बसू यांनीच पुढे ॲक्युपंक्चर भारतात रुजवले. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यताही दिली. पण पद्धतीला मान्यता मिळाली म्हणजे ती प्रत्येक रोग बरा करते हे सिद्ध झाले, असा अर्थ कोणी काढू नये.

मग पुरावा काय सांगतो? अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने साचतात, पेशी मरतात. असा रोग निर्माण केलेल्या उंदरांवर चीनमध्ये अनेक प्रयोग झाले. पाण्याच्या हौदात दडवलेला चौथरा शोधण्याच्या परीक्षेत विजेच्या सुया दिलेले उंदीर सरस ठरले. काही प्रयोगांत त्यांच्या मेंदूतील अमायलॉइड व दाहही कमी आढळला. संशोधन पुढे नेण्यास एवढे पुरेसे आहे, दागिना मोडण्यास नाही. उंदरांत यशस्वी झालेली कितीतरी औषधे माणसांत फसली आहेत. माणसांवरील चाचण्या बहुतांशी लहान आणि थोड्या काळाच्या आहेत. खरी सुई कोणाला आणि खोटी कोणाला, हे लपवणेही अवघड असते. थोडक्यात, शक्यता आहे, सिद्धता नाही.

आधुनिक औषधांचीही हीच मर्यादा आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे महागडे औषधदेखील घसरण फक्त मंदावते. तेव्हा गेलेली आठवण परत आणून देण्याची हमी जो कोणी देतो, तो फसवतो आहे, मग त्याच्या हातात सुई असो की गोळी.

म्हणून आधी निदान करा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांनीही विस्मरण होते आणि ते उपचाराने सुधारू शकते. चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका. सुया घ्यायच्याच असतील तर नोंदणीकृत तज्ज्ञाकडे आणि नव्या, एकदाच वापरायच्या सुयांनीच घ्या. हृदयात पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आगाऊ पैसे मुळीच देऊ नका.

पण खरा प्रश्न याच्याही मागे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तो स्त्रियांत, ग्रामीण भागात आणि कमी शिकलेल्यांत अधिक आढळला. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांवर उपाय झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, प्रदूषित हवा आहे. आणि अपुरे शिक्षणही आहे!

या देशात शिक्षण कोणाला नाकारले गेले, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. शाळेचा बंद दरवाजा माणसाची नोकरीच हिरावत नाही, तर म्हातारपणी मेंदूला आधार देणारी शिदोरीही हिरावतो. म्हणून वस्तीतली शाळा वाचवणे हेही स्मृती वाचवण्याचेच काम आहे. जिल्हा रुग्णालयात स्मृती तपासणी आणि रुग्णांसाठी दिवसभराचे सांभाळ केंद्र मागणे हा आपला हक्क आहे. विजेच्या सुयांचे संशोधन जरूर व्हावे; मात्र ते सरकारी पैशाने व काटेकोर चाचणीने व्हावे, गरिबाच्या गळ्यातले विकून नव्हे.

त्या माउलीला मी एवढेच म्हटले, "ताई, गळ्यातलं राहू द्या. उद्या सकाळी आपण दोघं सरकारी दवाखान्यात जाऊ."