उसनी कवटी

पॉप-पंक गाणाऱ्या तरुणांच्या वाद्यवृंदास बोधचिन्ह हवें, तर एक कवटी आणि चार वेडींवाकडीं रोमन अक्षरें पुरेत, असा समज आपल्याकडे रूढ होत आहे. तो भ्रामक आहे. या संगीताचे पूर्वज जे रामोन्स, त्यांचें चिन्ह आमचे तरुण सदऱ्यावर मिरवितात. तें आर्तुरो व्हेगा यानें अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुद्रेवरून बेतलें. गरुडाच्या पंजांत बाणांऐवजीं बेसबॉलची बॅट दिली. आपल्याच राजमुद्रेची थट्टा करणें हें त्यांतील मर्म. माहुलांत त्याची नक्कल केल्यास थट्टा जाऊन केवळ गरुड उरतो!

माहुलास उसन्या मरणचिन्हाची गरज ती काय? येथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचें राष्ट्रीय हरित लवादानेंच २०१५ सालीं नमूद केलें. तेलशुद्धीकरणाच्या धुराड्यांसमोर, खाडीच्या चिखलांत, हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. हें चित्र कोणत्या कवटीहून कमी बोचरें आहे? देवनागरी कर्कश संगीतास शोभत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं कमल शेडगे यांनीं नाटकांच्या नांवांना दिलेलीं अक्षररूपें पाहावींत. शिरोरेघ वांकवितां येते, मोडतांही येते. मात्र काय सांगावयाचें तें आधीं ठरलें पाहिजे.